इंजिनात पाणी आलं कुठून?

धाकटीनं पंचेचाळिशी ओलांडली होती, तरी घरात ती धाकटीच होती. बाहेर तिला मॅडम म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती गाडी शिकवायची, आणि स्टिअरिंगला मगरमिठी मारून बसलेली कितीतरी माणसं तिनं हळूहळू माणसांत आणली होती. पण रविवारी बाबांच्या घराचा उंबरठा ओलांडला की मॅडम बाहेर राहायची आणि आत धाकटी जायची.

दादा-वहिनी वेगळे राहत, पण त्या रविवारी ती पोचली तेव्हा दादा आधीच येऊन गॅरेजात होता. गॅरेज म्हणजे घराला चिकटून असलेली पत्र्याची खोली. तिथे बाबांची जुनी निळी गाडी उभी असायची. बोनेट उघडं होतं. दादाशेजारी त्याचा मित्र उभा होता. या मित्राचं शहरात मोठं वर्कशॉप होतं आणि त्याला सगळे शेठ म्हणत. दादाच्या हातात इंजिन ऑइलचं झाकण होतं.

"ये, बघ तुझे प्रताप," दादा म्हणाला.

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा, दाट थर जमला होता. दुधावर साय धरावी तसा.

"ऑइलमध्ये पाणी गेलंय," शेठ म्हणाला. त्यानं बोटानं तो थर निरपला आणि फडक्याला पुसला. "हेड गॅस्केट गेलं, इंजिनातलं पॅकिंग. कूलंट, ते गार ठेवणारं पाणी, सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतंय. अशा इंजिनावर खर्च करण्यात अर्थ नाही. भंगारात जाईल. मीच घेऊन जातो, तुम्हाला कटकट नको."

"कशावरून? तपासून बघितलं का?" धाकटीनं विचारलं.

शेठनं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो दादाला म्हणाला, "इतकी वर्षं काढली या धंद्यात, एका नजरेत कळतं. गाडी गरम झाली असणार आणि तशीच दामटली असणार. बाईच्या हातात गाडी गेली की हे व्हायचंच."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रोज लोकांना शिकवायची की काटा लाल रेघेकडे सरकला की गाडी बाजूला घ्या, आणि हा माणूस तिच्यासमोर उभा राहून तिच्याबद्दल असं बोलत होता, तेही दादाकडे तोंड करून.

"गाडी गरम झाली होती," ती म्हणाली. "पावसाळा संपल्यावर मी बाबांना डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, तेव्हा. चढणीवर. इंजिन गार करणाऱ्या पंख्याचा फ्यूज उडाला होता. काटा वर जाताना दिसला त्याच क्षणी मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, थंड होऊ दिली, फ्यूज बदलला आणि मग निघाले. आणि हे तुला मीच सांगितलं होतं, दादा. मी सांगितलं नसतं तर तुला कळलं असतं का?"

"म्हणजे कबूल आहे ना," दादा म्हणाला.

"काय कबूल आहे? थांबले हे कबूल आहे!"

"अगं, आवाज कशाला चढवतेस? झालं ते झालं. तुला कोण काय म्हणतंय?"

सगळे तेच तर म्हणत होते. दारात वहिनी पदराला हात पुसत उभी होती, तिच्या चेहऱ्यावरही तेच होतं. तिच्यामागे भिंतीला धरून बाबा उभे होते. आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. धाकटीला गाडी त्यांनीच शिकवली होती. आता त्यांच्या डोळ्यांना समोरच्या गोष्टीचा मधला भागच दिसत नसे, कडा तेवढ्या दिसत. माणूस दिसायचा, त्याचा चेहरा नाही. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली त्याच दिवशी दादानं किल्ली खिशात टाकली होती.

"बाबा, तुम्ही होता ना गाडीत," धाकटी म्हणाली. "सांगा याला. मी लगेच थांबले होते की नाही?"

बाबांनी घसा खाकरला. "जेवायला बसू या," ते म्हणाले. "थंड होतंय."

जेवताना धाकटी नुसता भात चिवडत होती. दादा आणि शेठ गाडी कधी उचलायची ते ठरवत होते. बाबा ताटात बोटांनी चाचपत खाली मान घालून जेवत होते. या घरात काहीही बिघडलं की शेवटी तिच्याकडेच बोट वळायचं. लहानपणी रेडिओ बंद पडला तर धाकटीनं हात लावला असेल. आईचं औषध चुकलं तर धाकटीचं लक्ष नव्हतं. आई गेल्यावर तरी हे थांबेल असं तिला वाटलं होतं. कसलं थांबतंय!

शेठ गेल्यावर ती उठली, गॅरेजात जाऊन तिनं ऑइल मोजायची पट्टी ओढली आणि तिच्या टोकावरचं ऑइल चमच्यात घेतलं. मग स्वयंपाकघरात येऊन तिनं वहिनीनं घासून ठेवलेला तवा गॅसवर चढवला.

"अहो, आत्ताच घासलाय तो तवा!" वहिनी ओरडली.

"नवा आणून देईन."

तवा चांगला तापल्यावर तिनं गॅस बंद केला, मागे सरकून त्यावर ऑइलचे दोन थेंब टाकले. चांगलं ऑइल असतं तर नुसता धूर निघाला असता. हे थेंब चरचरले, त्यांना बारीक बुडबुडे आले आणि फुटाणे फुटावेत तसा आवाज झाला.

"बघ!" दादा म्हणाला. "आहे की नाही पाणी? स्वतःच सिद्ध केलंस."

मनातून तिला वाटलं होतं की चरचर होणार नाही आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील. पण पाणी होतं. मग खरंच त्या चढणीवर आपल्या हातून काही राहिलं का? फ्यूज बदलेपर्यंत आत काही चिरलं असेल का?

"पाणी आहे," ती म्हणाली. "पण ते कूलंटचंच कशावरून? कुठून आलं ते सांग."

"आभाळातून पडलं असेल," दादा म्हणाला आणि चप्पल घालू लागला. "शेठचा माणूस परवा येईल गाडी न्यायला, त्याच्यासाठी किल्ली इथे खिळ्याला ठेवतोय. उगाच हट्ट करू नकोस."

शेठचा माणूस यायच्या आतच, दुसऱ्या दिवशी, ती स्कूलची व्हॅन घेऊन आली. ऑइलमध्ये पाणी असताना इंजिन चालवायचं नाही, म्हणून तिनं पुढची चाकं ट्रॉलीवर चढवून गाडी ओढत नेली. स्कूलच्या गाड्या ज्या वर्कशॉपमध्ये जात तिथला मिस्त्री तुसडा होता. चहा विचारायचा नाही, हसायचा नाही, पण हातात घेतलेलं काम अर्धवट टाकायचा नाही. त्यानं झाकण पाहिलं, पट्टी पाहिली आणि मान हलवली.

"कोण म्हणालं गॅस्केट गेलं?"

"आहे एक शेठ."

"दाब देऊन बघितला त्यानं?"

"बोटानं पुसून बघितलं."

मिस्त्री नाकातून हसला. ती त्याची हसण्याची हद्द होती.

आधी त्यानं कूलंटची टाकी पाहिली. पातळी खुणेला बरोबर होती आणि पाणी स्वच्छ, वर तेलाचा तवंग नाही. मग रेडिएटरचं झाकण काढून तिथे हातपंप बसवला आणि दाब चढवला. पंपावरच्या काट्याकडे बघत धाकटी उभी राहिली. कुठे चीर असती तर काटा खाली घसरला असता. मिस्त्रीनं दुसरी एक गाडी धुवायला लावली, फोनवर कुणाशी तरी भांडला, परत आला. काटा होता तिथेच होता.

मग त्यानं तिला खिडकीतून हात घालून इंजिन थोडा वेळ चालू करायला सांगितलं आणि टाकीच्या तोंडावर निळ्या पाण्याची एक नळी धरली. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर हे निळं पाणी पिवळं पडतं, असं तो म्हणाला. निळं निळंच राहिलं.

"गॅस्केट ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला. "गाडी गरम होऊन काहीही बिघडलेलं नाही. कुणी सांगितलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा."

धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि त्याचाही तिला राग आला. "मग हे पाणी?"

"हवेतलं. थंडीत इंजिन चालू केलं की आत दमट हवा असते, जळणाचीही वाफ होते. ऑइल नीट तापलं की ती वाफ उडून जाते. पण चालू केलं आणि लगेच बंद केलं, असंच रोज चाललं तर वाफेचं आतच पाणी होतं. मग अशी साय धरते. घरापासून दुकानापर्यंत आणि परत, एवढंच चालवता का?"

"नाही हो. ही गाडी त्या प्रवासानंतर जागची हललीच नाही. माझ्याकडे किल्ली नसते. ही भावाची, कालच घरी ठेवून गेला."

"उभ्या गाडीत एवढं पाणी साठत नाही, मॅडम. ही गाडी कुणीतरी चालू करतंय."

"कोण करणार?" असं म्हणत ती सीटवर जाऊन बसली आणि समोरच्या काट्यांकडे पाहू लागली. किलोमीटरचा आकडा तिच्या लक्षात होता, कारण परत येताना दारात पोचताच गाडीनं शेवटचे सगळे आकडे शून्यावर आणले होते आणि तिनं ते बाबांना वाचूनही दाखवलं होतं. आकड्यात त्यानंतर भर पडली नव्हती. पण त्याच दिवशी वाटेत तिनं टाकी काठोकाठ भरली होती. आता पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता.

गाडी जागची हलली नव्हती आणि टाकी रिकामी झाली होती.

धाकटीनं काट्यावर बोटानं टकटक केली, तो हलला नाही. मग पाय पेडलला पोचेनात म्हणून तिनं सीट पुढे घ्यायला हात खाली घातला आणि तिला कळलं की सीट कुणीतरी मागे सरकवली आहे. तिच्या पायांपेक्षा लांब पायांच्या माणसासाठी. दादा तर गाडीत कधी बसायचाच नाही.

संध्याकाळी ती बाबांकडे गेली तेव्हा ते ओट्यापाशी चहा गाळत होते. कपाच्या कडेला बोट लावून, चहा बोटाला लागेपर्यंत ओतायचा, अशी त्यांची नवी रीत होती.

"गाडी चालू तुम्ही करता," ती म्हणाली. बसलीसुद्धा नाही.

बाबांनी गाळणी खाली ठेवली. नाकारण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "सकाळी. थोडाच वेळ."

"रोज?"

"रोज. गाडी उभी राहिली की बॅटरी मरते. डेपोत आम्ही थंडीत आधी इंजिनं चालू करायचो, मग चहा." ते थांबले. "दुसरी किल्ली होती माझ्याकडे. तुझ्या भावाला माहीत नाही."

"पण मग काल का नाही बोललात? तो शेठ माझ्या तोंडावर बोलत होता, दादा बोलत होता, मी तुम्हाला विचारलं! नुसतं एवढं तरी सांगायचं होतं की हिनं गाडी लगेच थांबवली होती. तेवढंही नाही! जेवायला बसू म्हणालात!"

"बोललो असतो तर त्यानं दुसरी किल्लीही नेली असती."

"आणि गाडी भंगारात जाणार होती तिचं काय?"

"मला वाटलं, दोन दिवसांत काही सुचेल." बाबा खुर्चीत बसले. "तो ऐकून घेत नाही गं. एक बोललं की दहा ऐकवतो. तू ऐकून घेतेस. तू सोसतेस."

हे ऐकून धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीचं, शेठचं, दादाचं सगळं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे.

"मी सोसते म्हणून माझ्या अंगावर टाकायचं?" ती म्हणाली. "आईच्या वेळीही हेच. औषध द्यायला दादा विसरला होता, ते तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. तुम्ही मूग गिळून बसलात. का, तर मी सोसते! मी काय या घरातलं पायपुसणं आहे का, बाबा? जो ओरडतो त्याला सगळे घाबरणार आणि जो ओरडत नाही त्याच्यावर खापर फुटणार, हा कुठला न्याय?"

बाबांनी मान वर केली. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, तरी ते चेहरा शोधत राहिले.

"आणि मी?" ते अचानक चिडून म्हणाले. "मला कुणी विचारलं? डॉक्टर तुझ्याशी बोलला, किल्ली तुझ्या भावानं घेतली, एकमेकांकडे बघून माना हलवल्यात. मी मधे फर्निचरसारखा बसलो होतो. जन्मभर माणसं सुखरूप पोचवली मी! आता सकाळी त्या सीटवर बसतो, इंजिन थरथरतं, हाताला कळतं. तेवढाच वेळ मी कुणीतरी असतो. रस्त्यावर नेली का कधी? नाही. गिअरसुद्धा टाकला नाही."

यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच तिला आणखी चीड आली. तुमचं दुःख खरं आहे म्हणून माझा अपमान खोटा ठरत नाही, हे तिला सांगायचं होतं, पण शब्द नीट जुळेनात.

"किल्लीवरून तुम्ही दादाशी भांडायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली. "मी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते. पण मला पुढे ढकलून तुम्ही मागे लपलात. आता त्याला तुम्हीच सांगायचं. माझ्यासमोर. मी एक शब्द बोलणार नाही. आणि पत्र्याच्या खोलीत दार लावून इंजिन चालू करत होता की उघडून?"

"लावून," बाबा म्हणाले. "आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

धाकटीनं कपाळावर हात मारला. "तो धूर, बाबा! आम्हाला एक दिवस तुम्ही सीटवरच सापडला असता!" आणि मग मात्र तिला रडू फुटलं.

दादाला तिनं त्याच आठवड्यात बोलावून घेतलं. तो आला तो तणतणतच, कारण शेठचा माणूस हात हलवत परत गेला होता आणि शेठनं त्याला दोन शब्द ऐकवले होते. वहिनी सोबत होती. बाबा टेबलाशी ताठ बसले होते, बस सुटायच्या आधी बसत तसे.

"गाडी मी चालू करत होतो," ते म्हणाले. "रोज. तिच्यामुळे काही झालेलं नाही. त्या चढणीवर काटा हलल्याबरोबर ती थांबली होती. मी थांबलो असतो त्याहून लवकर थांबली. हे मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

दादानं आधी वहिनीकडे पाहिलं. मग त्याचा पारा चढला. "तुम्ही? तुम्हाला बजावून सांगितलं होतं ना की हात लावायचा नाही! डोळे गेले, आता बुद्धीही..."

"दादा," धाकटी म्हणाली. बोलणार नाही असं ठरवलं होतं, ते तिनं मोडलं. "बाबांना बोलायच्या आधी तू माझ्याशी जे बोलायचं राहिलंय ते बोल."

"मी काय बोलायचं राहिलंय?"

"आठव."

वहिनीनं दादाच्या कोपराला हात लावला. "तुला वाईट वाटलं असेल तर..." दादानं सुरुवात केली.

"असेल नाही. वाटलं. आणि मला वाटण्याबद्दल नाही बोलायचं, तू जे म्हणालास त्याबद्दल बोल. त्या माणसानं माझ्याबद्दल माझ्यासमोर घाणेरडं बोललेलं तू ऐकून घेतलंस, त्याबद्दल बोल."

दादा टेबलाकडे बघत म्हणाला, "चुकलं माझं." मग जरा वेळानं, "त्याला थांबवायला हवं होतं." तेवढ्यानंही त्याचे कान लाल झाले.

"बरं," धाकटी म्हणाली. तिला वाटलं होतं की हे ऐकून छातीवरचं ओझं उतरेल. थोडंसं उतरलं. सगळं नाही.

मिस्त्रीनं जुनं ऑइल काढून टाकलं, फिल्टर बदलला, झाकण धुऊन लावलं. दुसरी किल्ली धाकटीनं बाबांकडून मागून घेतली. त्यांनी ती देताना मूठ उघडायला वेळ लावला, आणि तिनंही हात मागे घेतला नाही. मात्र दर रविवारी जेवणानंतर ती त्यांना शेजारच्या सीटवर बसवून शहराबाहेर नेऊ लागली, ऑइल चांगलं तापून आतली वाफ उडून जाईल इतकं लांब. पहिले काही रविवार ती त्यांच्याशी मोजकंच बोलली. बाबा बोलत राहायचे. क्लच लवकर सोडलास, पुढे उतार आहे, आवाज ऐक, गिअर बदल. तिला राग यायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचे म्हणून जास्तच यायचा.

उन्हाळ्यात मामांच्या घरी सगळे नातेवाईक जमले होते. गाड्यांच्या गोष्टी निघाल्या तसा दादा रंगात आला. "आमच्या बाबांच्या गाडीत पाणी निघालं होतं," तो सांगू लागला. "सगळे म्हणाले, इंजिन गेलं. पण आम्ही बरोबर शोधून काढलं..."

"आम्ही?" खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून धाकटीचा आवाज आला. ती हातातली थाळी खाली ठेवून उभी राहिली होती. "आम्ही कोण, दादा? तू गाडी भंगारात घालायला निघाला होतास. शोधून मी काढलं. सांगायचं तर सुरुवातीपासून सांग, नाहीतर मी सांगते."

मामी हसायला लागली. दादा काहीतरी पुटपुटला. बाबा खिडकीपाशी बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "तूच सांग गं. त्याला गॅस्केट म्हणजे काय ते अजून माहीत नाही."

मग धाकटीनं सांगितलं, पहिल्यापासून. बाबांचा भागही तिनं गाळला नाही.